टीबी होऊन गेलाय आणि आता ताप-खोकला जात नाहीये? या चुका टाळा

दादाला टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, बरा झाला. चार वर्षांनी परत खोकला आणि संध्याकाळी बारीक ताप सुरू झाला, आणि आम्ही घरच्यांनी एकामागून एक चुका केल्या, म्हणून हे लिहितेय.

आधी "व्हायरल असेल" म्हणत महिना घालवला. खोकला-ताप दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासायचीच, आणि आधी टीबी झालेल्याने तर तेवढंही थांबू नये.

मग मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी आणली. आठवडाभर ताप उतरला, आम्ही खूश! पण ही गोळी टीबीच्या जंतूंवरही थोडीफार चालते, त्यामुळे आजार दबतो, तपासणीत पटकन सापडत नाही आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे रेझिस्टंट टीबी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा) निघाला तर नेमकं हेच औषध लागतं. आई तर मागच्या उरलेल्या टीबीच्या गोळ्या काढून बसली होती. ते अजिबात करू नका.

थुंकीची डबी दिली तेव्हा लॅबमधल्या ताईंनी ती उजेडात धरून बघितली, नुसती पाण्यासारखी लाळ, परत पाठवलं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा, तोही मोकळ्या हवेत, घरच्यांपासून लांब.

छातीच्या फोटोवर जुने डाग तसेच राहतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून "परत टीबी" ठरवू नका, जुना फोटो आणि फाईल सोबत न्या (आमची माळ्यावर सापडली). सीबीनॅट या थुंकीच्या तपासणीत रिफाम्पिसिन रेझिस्टन्स (म्हणजे टीबीच्या या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाहीत का ते) लगेच कळतो, सरकारी केंद्रात फुकट होतं, पण ते मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, म्हणून आधी उपचार झालेल्याने कल्चरबद्दल (थुंकीतले जिवंत जंतू वाढवून बघायची तपासणी) विचारा, रिपोर्टला सहा आठवडे लागू शकतात. शुगर आणि एचआयव्हीही तपासून घ्या. थुंकीत रक्त दिसलं तर मात्र रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

दादाचं कल्चर निगेटिव्ह आलं. सीटी स्कॅन केला तर टीबीने फुफ्फुसात पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशी वाढलेली, ॲस्परजिलस म्हणतात तिला, रक्ताच्या तपासणीत पक्कं झालं. टीबीच्या गोळ्यांनी ती गेलीच नसती. आता बुरशीचं औषध चालू आहे, अजून काही महिने घ्यायचंय, आणि संध्याकाळचा ताप थांबलाय.