जपानमध्ये टाळी कुठे वाजवायची आणि नुसते हात कुठे जोडायचे

जपानला नवीन आलेल्या आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, हे लोक नक्की बौद्ध का शिंतो (म्हणजे जपानचा स्वतःचा मूळ धर्म)? मीपण सुरुवातीला ऑफिसमध्ये हेच विचारत सुटले होते, बहुतेक जण म्हणायचे "मुशूक्यो", म्हणजे माझा काही धर्म नाही, आणि तीच माणसं नवीन वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत कडाक्याच्या थंडीत लाइन लावून देवाला जायची. म्हणून सांगते, कोणाला धर्म विचारत बसू नका, कोण कुठे काय करतंय ते बघा आणि तसंच करा, सगळं आपोआप कळत जातं.

आधी दार बघा. दोन खांब आणि वर आडव्या तुळया अशी मोकळी कमान म्हणजे तोरी, ती दिसली की ते शिंतो देवस्थान, जिंजा. छप्पर असलेला भला मोठा दरवाजा आणि आत उदबत्त्यांचा धूर असेल तर ते बौद्ध मंदिर. नावावरूनपण कळतं, शेवटी जिंजा, जिंगू, ताइशा असेल तर शिंतो, आणि जी, देरा असेल तर बौद्ध.

शिकायला बेस्ट जागा म्हणजे टोकियोतलं आसाकुसा, कारण तिथे सेन्सोजी मंदिर आणि आसाकुसा जिंजा अगदी खेटून आहेत. कथा अशी सांगतात की ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती आली आणि त्यातून हे मंदिर झालं. आता गंमत बघा, मूर्ती बौद्ध मंदिराची, आणि ती सापडलेले ते दोघे भाऊ आणि त्यांच्यासोबतचा तिसरा माणूस असे तिघे शेजारच्या जिंजात देव म्हणून पुजले जातात. एवढं एक लक्षात आलं ना की जपानचं निम्मं कोडं सुटतं.

जिंजात गेलात की तोरीपाशी थोडं वाका, मधोमध चालू नका, पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात मग उजवा हात धुवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा (पळीला तोंड लावायचं नाही). पुढे जाऊन पेटीत नाणं टाका, बरेच जण ५ येनचं टाकतात कारण ५ येनचा उच्चार "गोएन", आणि ऋणानुबंधालापण गोएनच म्हणतात. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं बोला, परत एकदा नमस्कार. इझुमो ताइशाला मात्र टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळी अजिबात नाही, उदबत्ती लावा, शांतपणे हात जोडा, वाका, झालं.

पण फक्त तोरी बघून टाळी वाजवू नका हां! आइची प्रांतातलं तोयोकावा इनारी बघा, तोरी आहे, कोल्ह्यांच्या मूर्ती आहेत (कोल्हे म्हणजे शिंतोतल्या इनारी देवाचे दूत), आणि आहे ते सोतो झेन पंथाचं बौद्ध मंदिर, तिथली देवी दाकिनीतेन, म्हणजे आपल्याकडची डाकिनी. असं का, तर हजारेक वर्षं हे दोन्ही मिसळलेलंच होतं, एकाच आवारात देव आणि बुद्ध, आणि १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून ते वेगळे केले. तेव्हा कित्येक मंदिरं पाडली, मूर्ती फोडल्या. हे सगळं कायम गुण्यागोविंदाने चाललं असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही, ख्रिश्चनांवरची बंदी तर १८७३ पर्यंत होती. हे माहीत असलं की आज शेजारी शेजारी दिसणाऱ्या त्या दोन छपरांची किंमत जास्त कळते असं मला मनापासून वाटतं.

आसाकुसाला गेलातच तर जवळच्या मात्सुचियामा शोदेनला नक्की जा, तिथले कांगितेन म्हणजे आपले गणपती, त्यांना मुळा वाहतात. मूर्तीचं दर्शन मिळत नाही, ती कायम झाकलेली असते.

आता घरात कसं वागायचं. माझ्या घरमालकीण आजींकडे वर फळीवर कामिदाना, शिंतो देवांचं छोटं देवघर, आणि खोलीत बुत्सुदान, म्हणजे गेलेल्या माणसांसाठीचं बौद्ध देवघर, त्यात आजोबांचा फोटो. कामिदानाच्या वर छताला एक कागद चिकटवलाय, त्यावर "ढग" असं एकच अक्षर. विचारलं तर म्हणाल्या, वरच्या मजल्यावर माणसं चालतात ना, म्हणून देवाच्या डोक्यावर आकाशच आहे असं समजायचं. सकाळी भात झाला की पहिला घास बुत्सुदानपुढे. कोणाकडे मिठाई नेलीत तर ती आधी तिथे ठेवतात, लगेच उघडली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, तसा भात मेलेल्या माणसासाठी ठेवतात.

सगळ्यात जपायची वेळ म्हणजे अंत्यविधी. लग्न चर्चसारख्या हॉलमध्ये झालेल्या माणसाचा अंत्यविधीपण बहुतेक बौद्ध पद्धतीनेच होतो, पण कोणती पद्धत आहे ते आधी कलीगला विचारून घ्या, इथे विचारण्यात काही चूक नाही. बौद्ध असेल तर चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा, शिंतो असेल तर साकाकी या पवित्र मानलेल्या झाडाची फांदी वाहायची आणि टाळी आवाज न करता वाजवायची, ख्रिश्चन असेल तर फूल ठेवायचं. अंत्यविधीला पाकिटात पैसे घालून देतात, त्या पाकिटावरचा मजकूरपण पद्धतीप्रमाणे बदलतो, दुकानात सांगितलं की बरोबर पाकीट देतात. नोटा कोऱ्या करकरीत नकोत, त्या लग्नाला.

घरातलं कोणी गेलं तर कामिदानावर पांढरा कागद लावतात आणि साधारण ५० दिवस तोरीच्या आत जात नाहीत, म्हणजे आपलं सुतकच. बौद्ध मंदिरात मात्र तेव्हाही जाता येतं. त्यामुळे अशा दिवसांत मित्राला "चल जिंजाला" म्हणू नका, आणि त्या वर्षी त्याला नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं कार्डपण पाठवू नका.