घरी लाव्ह्या पाळताना या चुका टाळा: अंडी नेमकी कशामुळे थांबतात?

नागपुरात घरच्या अंड्यांसाठी जपानी लाव्ह्या, म्हणजे बाजारात ज्यांना सर्रास बटेर म्हणतात ते पक्षी, पाळणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. सहाव्या-सातव्या आठवड्यात अंडी सुरू झाली, दोन-तीन महिने भरपूर मिळाली आणि दिवाळीनंतर जवळजवळ बंदच पडली. मग पक्षी खराब निघाले असे ठरवून पाण्यात टॉनिक मिसळले जाते, कोणी प्रतिजैविकेही देऊन पाहतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा दिवसाच्या लांबीत असतो. नियमित अंडी देण्यासाठी लाव्हीला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. नागपूरचा जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला अकरा तासही भरत नाही. पिंजऱ्याजवळ वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड देणारा एक लहान एलईडी दिवा टायमरवर लावून पहाटे पाच ते रात्री आठ हा क्रम सांभाळला, तरी पुरते. मात्र ही वाढ एकदम न करता दर आठवड्याला अर्ध्या तासाने करावी, आणि जास्त अंड्यांच्या लोभाने दिवा रात्रभर चालू ठेवू नये.

दुसरा मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. मी पहिल्या वर्षी पिंजरा गच्चीवरच्या टिनाखाली ठेवला होता. एप्रिल कसाबसा निघाला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागताच पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागले आणि दोन दिवसांत त्यांतले चार गेले. त्यांना घाम येत नाही. शरीरातील उष्णता ते मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतात. म्हणूनच बंद खोलीत कूलर लावणे ही चूक ठरते, कारण साचलेल्या ओलाव्यात धापेचा उपयोग होत नाही. कूलर लावल्यास समोरची खिडकी उघडी हवी. पिंजरा तळमजल्यावर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलगत ठेवावा, दुपारी ओले गोणपाट टांगावे आणि पिण्याचे पाणी दोन-तीन वेळा बदलावे, कारण तापलेले पाणी त्या फारसे पीत नाहीत.

खाद्यातील चूक लवकर दिसून येत नाही. तांदळाची कणी, ज्वारी आणि उरलेली पोळी यांवर लाव्ही जगते, पण अंडी देत नाही. अंड्यांच्या कोंबड्यांसाठीच्या लेयर खाद्यातील 16 ते 18 टक्के प्रथिने तिला कमी पडतात. अंडी देणाऱ्या मादीला 20 टक्क्यांच्या आसपास हवीत. यावर ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचे, खाद्य हा सोपा उपाय वाटतो, परंतु त्यात कॅल्शियम कमी असल्याने काही दिवसांतच बोटाने दबेल इतक्या पातळ कवचाची अंडी मिळू लागतात. त्यासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. एक पक्षी दिवसाला साधारण 25 ग्रॅम खातो, म्हणजे दहा पक्ष्यांना महिन्याला साडेसात किलो खाद्य लागते. लाव्हीच्या पाच अंड्यांचे वजन कोंबडीच्या एका अंड्याइतके भरते, हेही हिशेबात धरावे.

पिल्ले जन्मतः सात-आठ ग्रॅमची असतात आणि बोटभर पाण्यातही बुडतात, म्हणून पाण्याच्या ताटलीत काचेच्या गोट्या टाकाव्यात. त्यांच्याखाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय घसरून दोन्हीकडे फाकतात आणि पुढे सरळ होत नाहीत. खरखरीत गोणपाट चांगले. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 35 अंशांची ऊब लागते. ती दिव्याखाली घोळका करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे, इतके समजले की थर्मामीटर सतत पाहावे लागत नाही.

पिंजऱ्याच्या उंचीबाबत उलटा विचार करावा लागतो. घाबरलेली लाव्ही सरळ वर झेपावते. दीड-दोन फूट उंचीत तिला डोके फोडून घेण्याइतका वेग येतो. 25 सेंटिमीटर उंचीत येत नाही. रात्री मांजर जवळून गेले की सकाळी रक्ताळलेली डोकी दिसतात, तेव्हा छताखाली कापड ताणून बांधावे.

खाण्याच्या अंड्यांसाठी नराची गरज नसते. तिसऱ्या आठवड्यानंतर नराची छाती तांबूस आणि मादीची ठिपकेदार होते. त्यावरून निवड करावी. रानातून पकडलेल्या लाव्ह्या मात्र मुळीच घेऊ नयेत, कारण रानलाव्ह्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

अंडी सकाळी शोधणारे निराश होतात. लाव्ह्या बहुतेक अंडी दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत घालतात, आणि मे महिन्यात ती रात्रभर पिंजऱ्यात राहू देणे योग्य नाही. उजेड, उष्णता, खाद्य सारे ठीक असूनही पक्षी मरू लागले, तर अंदाजाने औषधे देण्याऐवजी नुकताच मेलेला पक्षी पिशवीत घालून, बर्फावर ठेवून, त्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाविषयी विचारणा करावी. तो फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठलेल्या ऊतींची तपासणी नीट होत नाही.