मोटरहोम उभी करून ठेवायची आहे? आधी बॅटरीचं बघा

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी. ती काही महिने उभी ठेवायची तर पहिलं काम म्हणजे गाडीत बॅटऱ्या किती आणि कुठे कुठे आहेत ते शोधून काढणं. हसू येईल, पण मला स्वतःला पायरीखालच्या कप्प्यातली दुसरी बॅटरी सापडायला पूर्ण वर्ष लागलं होतं, आणि सापडली तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती. बॉनेटखाली किंवा ड्रायव्हरच्या सीटखाली असते ती इंजिनची. तिच्या प्लेटा पातळ असतात. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देऊन स्टार्टर फिरवायचा, एवढंच तिचं काम. आतले दिवे, पाण्याचा पंप, पंखे, फ्रिजचं सर्किट हे सगळं गाडीतल्या दुसऱ्या, म्हणजे 'घरच्या' बॅटरीवर चालतं. ती जाड प्लेटांची, तासन्तास थोडाथोडा करंट देणारी. कधी ती एकच असते, कधी १२ व्होल्टच्या दोन शेजारी शेजारी (पॅरलल) जोडलेल्या, तर कधी ६ व्होल्टच्या दोन एकापुढे एक (सिरीजमध्ये). इंजिनचा आणि घरचा संसार वेगळा आहे, त्यामुळे पुढचं प्रत्येक काम दोन्हीकडे वेगवेगळं करायचं.

हे ठासून सांगतोय कारण मी यात तोंडघशी पडलोय. तीन महिने गाडी शेडमध्ये होती, वायर भिंतीच्या सॉकेटला लावलेली. परत आलो तर आतले दिवे लख्ख, पंप लगेच सुरू, सगळं झकास. किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डमधून नुसती टकटक. बाहेरच्या विजेवर चालणारा गाडीतला चार्जर फक्त घरच्या बॅटरीला चार्ज करत होता. इंजिनच्या बॅटरीकडे तो बघतही नव्हता. पुष्कळ मोटरहोम अशाच असतात. आपली कशी आहे ते पाच मिनिटांत कळतं: वायर न लावता इंजिनच्या बॅटरीवर मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं छोटं मीटर) धरा, समजा १२.६ व्होल्ट दिसलं. मग वायर लावा, थोडं थांबा, पुन्हा धरा. आकडा १३ च्या वर सरकला तर चार्जर तिथपर्यंत पोचतोय. जागचा हलला नाही, तर इंजिनच्या बॅटरीची सोय वेगळी करावी लागणार. एक तर तिच्यासाठी छोटा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, नाहीतर घरची बॅटरी भरली की उरलेला करंट इंजिनच्या बॅटरीकडे वळवणारं छोटं उपकरण मधे बसवून घ्या.

त्यानंतर बॅटरीचा प्रकार बघा. वर उघडता येणारी झाकणं असतील तर ती पाण्याची साधी लेड-ॲसिड. झाकणं नसतील तर लेबल वाचा: एजीएम, जेल (या दोन्ही लेड-ॲसिडच, पण बंद, पाणी न घालायच्या) किंवा लिथियम. लिथियमचं गणित उलटं आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आता मुख्य काम. उभ्या गाडीत करंट कोण पितंय ते शोधणं. 'मी तर सगळं बंद करून आलो' असं प्रत्येक जण म्हणतो. पण गॅसगळती ओळखणारा सेन्सर बंद झालेला नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, रेडिओचं घड्याळ, फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, चोरीचा अलार्म, ट्रॅकर, नुसता ऑन ठेवलेला इन्व्हर्टर, सरकणाऱ्या पायरीची मोटर, यातलं काही ना काही जागं असतंच. एकेकाची भूक किरकोळ असते. पण सगळ्यांची मिळून ५० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, महिन्याला ३६. घरची बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर सहा आठवड्यांत ती अर्ध्यावर येते, आणि लेड-ॲसिड बॅटरीला अर्ध्याच्या खाली नेऊ नये हा साधा नियम. शिवाय बॅटरी आपली आपण उतरते ते वेगळंच.

मोजायचं असं. इन्व्हर्टर त्याच्या मुख्य स्विचवरून बंद करा, नाहीतर जोडणी करताना येणाऱ्या झटक्याने मीटरचा फ्यूज उडतो. आतले सगळे दिवे, पंप, पंखे बंद. बाहेरची वायर काढलेली, सोलर बंद. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात घाला. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरची केबल काढा आणि मीटरचं एक टोक टर्मिनलला, दुसरं त्या केबलला लावा. आता सगळा करंट मीटरमधून जातोय. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, इलेक्ट्रॉनिक बोर्ड झोपी जायला वीस-तीस मिनिटं घेतात. मीटर मधे असताना इंजिन चालू करायचं नाही, पायरी किंवा जॅक हलवायचा नाही. आकडा स्थिरावला की फ्यूजबॉक्स उघडा आणि एकेक फ्यूज काढत मीटरकडे बघा. माझ्याकडे ९० मिलिअँपिअर येत होते. रेडिओचा फ्यूज काढला, ८२. फ्रिजचा काढला, ७०. गॅस सेन्सरचा काढला आणि आकडा धपकन खाली आला. गंमत म्हणजे हे सगळं मेन डिस्कनेक्ट स्विच बंद असताना चाललं होतं. सेन्सरची वायर त्या स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून घेतलेली होती. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण 'मेन स्विच पाडला म्हणजे झालं' हा समज तिथेच संपतो.

गॅस सेन्सर बंद करायचा असेल तर आधी सिलिंडरचे किंवा टाकीचे व्हॉल्व्ह पक्के बंद करा, आणि आत कोणी झोपणार नाही याची खात्री असेल तरच फ्यूज काढा. काढलेला फ्यूज एका पाकिटात घालून स्टिअरिंगला चिकटपट्टीने लावून ठेवा, म्हणजे परत आल्यावर तो आधी दिसेल.

उभी करण्याआधी बॅटरी काठोकाठ भरायची. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. ताजा असेल तर चार्जिंगमध्ये विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग तेवढी प्लेट कामातून गेली. उभ्या गाडीतल्या बहुतेक बॅटऱ्या याच दुखण्याने जातात. पूर्ण भरायला वेळ लागतो, शेवटचा वीस टक्के भाग फार हळू भरतो, म्हणून आदल्या संध्याकाळी चार्जर लावून रात्रभर ठेवा. सकाळी चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हाचा आकडा फुगवलेला असतो. काही तास, जमल्यास दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबा. मग १२.६ किंवा वर दिसलं तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला तळ दिसायला लागला समजा. एजीएमचा आकडा थोडा वरचा असतो, भरल्यावर १२.८ च्या आसपास. ६ व्होल्टच्या जोडीत प्रत्येकीचा वेगळा मोजा. एक ६.३ आणि दुसरी ६.० दाखवत असेल तर दुखणं कुठे आहे ते कळलं.

पाण्याच्या बॅटरीची झाकणं उघडायची असतील तर आधी अंगठी आणि घड्याळ काढा, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा, जवळपास ठिणगी नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून कप्प्याचं दार उघडं ठेवा. पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाचं नाही, गाळलेलं नाही, 'एकदाच तर घालतोय' म्हणूनही नाही. पाणी चार्जिंग संपल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना आतलं द्रव फुगतं आणि आधी काठोकाठ भरलेलं ॲसिड बाहेर सांडतं. अपवाद एकच: प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधी घाला, बाकीचं नंतर. झाकणाखाली जी आखूड नळी आत उतरते, तिच्या खालच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली पातळी आली की थांबा. ॲसिड कधीही वरून घालू नका, उडून जातं ते पाणीच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर सगळी झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा, फेस थांबला की धुवा, कोरडं करा आणि व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

एवढं झाल्यावर ठरवायचं की पुढचे महिने बॅटरीकडे कोण बघणार. जवळ सॉकेट असेल तर सगळ्यात सोपं, पण चार्जर कसा आहे ते आधी बघा. नवे चार्जर तीन टप्प्यांत चालतात आणि बॅटरी भरली की १३.२ ते १३.६ व्होल्टवर उतरून नुसता आधार देतात. जुन्या गाड्यांमधले काही चार्जर रात्रंदिवस एकाच, जरा चढ्या व्होल्टेजवर बसून राहतात. ते बॅटरीतलं पाणी हळूहळू उडवतात, आणि तीन महिन्यांनी आपण म्हणतो की चार्जर लावलेला असूनही बॅटरी गेली. तसा असेल तर तो कायम लावून ठेवू नका. महिन्यातून एक रात्र लावा, नाहीतर बाजूला छोटा स्मार्ट चार्जर वापरा. आणखी एक, वीज जाऊन आली की काही चार्जर आपले आपण सुरू होत नाहीत. विकत घेतल्यावर एकदा सॉकेट बंद-चालू करून बघा.

सॉकेट नसेल आणि गाडी उघड्यावर असेल तर सोलर. किरकोळ पिणारे बंद केल्यावर १० ते २० वॅटचं पॅनल एका बॅटरीला टिकवून ठेवायला पुरतं, मधे कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारं उपकरण) मात्र हवाच. छतावर मोठं पॅनल आधीच असेल तर तो करंट मेन स्विच बंद असतानाही बॅटरीपर्यंत पोचतो का, आणि कोणत्या बॅटरीपर्यंत, ते मीटरने बघा. छतावर आच्छादन टाकणार असाल तर सोलर आहे हे विसरून जा. धूळ, पानं, बर्फ यांचाही हिशेब धरा.

दोन्ही नसेल तर केबल काढून ठेवा: निगेटिव्ह आधी काढायची, परत लावताना शेवटी. इंजिनच्या बॅटरीची केबल काढण्याआधी रेडिओचा कोड लिहून ठेवा, आणि सेंट्रल लॉक विजेवरच उघडत असेल तर साधी किल्ली कुठल्या दाराला लागते ते बघून ठेवा. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन बॅटऱ्यांमधली जोडणीही सोडवा, नाहीतर आजारी बॅटरी चांगलीचा करंट ओढत बसते. काढण्याआधी फोनवर दोन-तीन फोटो घ्या. केबल काढल्यावरही साधी बॅटरी महिन्याला चार-पाच टक्के उतरते, एजीएम त्याहून कमी. उष्णता दर १० अंश सेल्सिअसने वाढली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे तापलेल्या पत्र्याच्या शेडपेक्षा थंड जागा बरी. थंडीची भीती फक्त उतरलेल्या बॅटरीला. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे ७-८ च्या आसपासच गोठते आणि तिचा डबा तडकतो. गोठलेली बॅटरी कधीही चार्जला लावू नका.

बॅटरी काढून जमिनीवर ठेवली की उतरते असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. जुन्या काळी डबे लाकडाचे आणि कडक रबराचे असत तेव्हा त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना फरशीने काही होत नाही.

अधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची सवय असेल तर सोडा. आठवडेभर झिरपलेला करंट तेवढ्यात भरत नाही, आणि इंजिन नीट तापलं नाही की एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये ओल साठते. चालवायचीच असेल तर बाहेर काढून अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्या. बंद शेडमध्ये इंजिन किंवा जनरेटर लावायचाच नाही.

लिथियमवाल्यांनी वरचं 'काठोकाठ भरा' विसरायचं. तिला पन्नास-साठ टक्क्यांवर आणून, केबल काढून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. कायम चार्जरवर बसवू नका. तिच्या आतला संरक्षक बोर्ड थोडा करंट खातो, म्हणून रिकामी ठेवली तर महिन्यांनी तो बोर्ड बॅटरी पूर्ण बंद करतो आणि मग काही चार्जर तिला ओळखतही नाहीत. शून्य अंशाच्या खाली तिला चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. छतावर सोलर असेल तर थंडीच्या जागी हा मुद्दा पहिला बघा.

महिन्यातून एक फेरी ठेवा. मीटर धरा, आकडा आणि तारीख बॅटरीच्या कप्प्याच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहा. आकडा १२.४ ला आला की चार्ज करा, १२.२ ची वाट बघू नका. आधीच्या दोन नोंदींपेक्षा यावेळी घसरण एकदम मोठी दिसली तर एखादा नवा पिणारा आलाय किंवा बॅटरीतला एखादा सेल निकामी होत चाललाय.

निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा रात्रभर चार्जिंग, थोडी विश्रांती आणि मोजमाप. मग आतले दिवे, पंखा, पंप एकत्र लावून पंधरा मिनिटं मीटर धरून बसा. आकडा थोडा उतरून थांबला तर ठीक, उतरतच राहिला तर ती बॅटरी प्रवासात दगा देईल, घरीच बदला. इंजिन दोनदा चालू करून बघा. स्टिअरिंगवरच्या पाकिटातला फ्यूज जागेवर बसवा, गॅस सेन्सरचं टेस्टचं बटण दाबून आवाज ऐका आणि मगच सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा.