वडिलांवर पुस्तिका काढायची आहे? आमच्या अण्णांची काढली ती अशी

अण्णा गेले तेव्हा कागदोपत्री ९१ वर्षांचे होते. वर्षश्राद्धाला आलेल्यांच्या हातात स्टीलचा डबा ठेवण्यापेक्षा अण्णांवर छोटी पुस्तिका द्यावी असं ठरलं, आणि घरात मराठीची मास्तरीण मीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. अकरा महिने लागले. आता ओळखीतले दोघंतिघं विचारायला लागलेत, "आम्हालाही करायचीय, कशी केलीस?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तेराव्याच्या आतच सुरुवात करा

ऐकायला वाईट वाटतं, पण आत्या, मावश्या, चुलतभाऊ, जुने शेजारी हे सगळे एका छपराखाली पुन्हा कधी येणार? ती माणसं दिवसभर बसून अण्णांबद्दलच बोलत असतात. कोपऱ्यात मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवा, फक्त आधी सांगून ठेवा. चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुढे भांडणाला कारण होतं. पंख्याखाली ठेवू नका. आमचे पहिले दोन तास नुसत्या घरघरीत गेले.

"एखादी आठवण सांगा" असं मात्र कुणाला म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस सावरून बसतो आणि "फार प्रेमळ होते हो, कुटुंबासाठी झिजले" एवढं बोलून डोळे पुसतो. मी आत्याला विचारलं, "अण्णांच्या खिशात काय असायचं?" क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "लिमलेटच्या दोन गोळ्या. गाडीत कुणाचं पोर रडायला लागलं की एक त्याला, दुसरी घरच्यांना. आणि घरी तुम्ही तिघं, म्हणून दातानं फोडून तीन तुकडे." अण्णा एसटीत कंडक्टर होते. प्रेमळ होते हे मग मला पुस्तिकेत कुठेच लिहावं लागलं नाही.

असेच छोटे प्रश्न करा. जेवताना ताटात शेवटी काय ठेवायचे? रागावले की आवाज चढायचा की बंद व्हायचा? पहिला पगार कुणाच्या हातात दिला?

आणि साल विचारू नका. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, त्या साली काय झालं ते आठवतं. "दुष्काळाच्या आधी की नंतर?" म्हटलं की १९७२ हाताला लागतं. आमच्या कराड-पाटण भागात कोयनेचा भूकंप हा मैलाचा दगड, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. पुण्याकडच्या माणसाला पानशेतचा पूर विचारा, १२ जुलै १९६१. गिरणगावात राहिलेल्याला दत्ता सामंतांचा संप, १९८२. लातूर-धाराशिवकडे किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. मी एका लांबट कागदावर मधोमध रेघ मारली, तिच्यावर हे प्रसंग मांडले आणि घरातली लग्नं, बाळंतपणं, बदल्या त्यांच्या अलीकडे-पलीकडे लिहीत गेले. दोन आठवड्यांत नव्वद वर्षं भिंतीवर लागली.

जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका

अण्णांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३३. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जूनलाच, १९४८ साली. अण्णा त्याचं भांडवल करायचे: "माझा आणि एसटीचा वाढदिवस एक. फक्त ती लहान."

खरी तारीख हवी असेल तर दोन वाटा. एक, घरातल्या बायका. आजी सांगायची, "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाला, बैलांची शिंगं अजून रंगलेली होती." जुनं पंचांग मिळालं तर त्यावरून दिवस काढता येतो. दुसरी वाट तहसीलच्या अभिलेख कक्षाची. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तिची नक्कल अर्ज करून मिळते. बऱ्याच ठिकाणी ती मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा लागेल. शिवाय बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाच्या नावापुढे नुसतं "मुलगा" असतं. चार भाऊ असतील तर कुठला मुलगा ते ताडायचं काम आपलं. मी दोन खेपा घातल्या, हवं ते पान वाळवीनं खाल्लेलं निघालं, आणि पुस्तिकेत "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी" असंच छापलं. मला ते १ जूनपेक्षा आवडतं.

पूर्वजांची नावं हवी असतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या वह्या पाहा. घरातलं कुणी तिथे विधीला गेलेलं असेल तर नाव-गाव सांगितल्यावर पणजोबाची सही समोर येऊ शकते.

ट्रंक भंगारात घालू नका

आमचा दादा कामाचा माणूस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माडी आवरायला काढली. भंगारवाला दारात उभा असताना मी ट्रंकेवर जाऊन बसले, अक्षरशः. आत जुने फोटो होते, पगाराच्या पावत्या होत्या आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

वहीचं पहिलंच पान बघा. डावीकडे आणे, उजवीकडे नवे पैसे. १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. अण्णा १९५७ साली नोकरीला लागले. त्याच वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि गाडीत दोन्ही चालू. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांत बसवताना आण्याला सव्वासहा येतात, आणि पाव पैसा कुणाच्याच खिशात नसतो. एका माणसानं एकेक आण्याची दोन तिकिटं वेगवेगळी काढली काय आणि दोन आण्यांचं एक काढलं काय, बारा नवे पैसेच. पण तीनाला अठरा नव्हे, एकोणीस. त्या एका पैशावरून रोज एक भांडण. हे आम्हाला अण्णांनी कधीच सांगितलं नव्हतं, वहीनं सांगितलं. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं घरखर्च लिहिलाय: शाळेची फी, आईचा चष्मा, धाकटीचं खोकल्याचं औषध. अण्णांसाठी घेतलेल्या वस्तू मी मोजायला बसले. पाच वर्षांत एक छत्री.

फोटोंचं थोडक्यात. आधी मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का, कधी तारीख असते. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढे उमटतं. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो बसला असेल तर ओढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटेना तर पानासकट फोटो काढा. मोबाईलनं काढताना फ्लॅश बंद, खिडकीचा आडवा उजेड, मोबाईल फोटोच्या बरोबर समांतर. आणि फोटोतला प्रत्येक चेहरा ओळखणारं माणूस आहे तोवर नावं लिहून घ्या. आमच्या आईनं लग्नाच्या ग्रुप फोटोतली एकोणतीस नावं सांगितली. तिसाव्याला ती नुसतं "मेला" म्हणाली. अजून कळलेलं नाही.

लिहिताना

"कुटुंबवत्सल", "मनमिळाऊ", "हसतमुख", "आधारवड" हे शब्द मी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावले, वर फुली मारून. शोकसभेत ते चालतात. पुस्तिकेत नातवंडं तो परिच्छेद गाळून पुढे जातात.

दुसरं, वाद. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. अण्णांनी नाही म्हटलं, कारणही दिलं नाही, आणि डी.एड.चा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. मी सहा महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. हे मी लिहिलं. दादा म्हणाला, "पुस्तिकेत हे कशाला?" आई आतून म्हणाली, "लिही. मी पण नव्हते बोलले." ते पान राहिलं. भाऊबंदकीतला जमिनीचा वाद मात्र मी गाळला, कारण त्यातला दुसरा पक्ष हयात नाही आणि त्याची बाजू सांगणारं कुणी उरलेलं नाही. कुठलं ठेवायचं हे असंच एकेक करून ठरवावं लागतं.

तिसरं, एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती. भूकंपाच्या रात्री अण्णा पाटणच्या वरच्या अंगाला मुक्कामी गाडीवर होते. ड्रायव्हर आणि ते गाडीतच झोपलेले. अण्णा सांगायचे, "गाडी हलली, मला वाटलं ह्यानं स्टार्टर मारला. म्हटलं अजून वेळ आहे, झोप की!" मग रस्त्यावरचे दरडीचे दगड बाजूला करत गाडी खाली आणली आणि "दुपारी एकला कराडात पोचलो." आईचं म्हणणं वेगळं. "दिवेलागणीला आले. आधी डेपोत हिशेब दिला असणार, मग बायकापोरं आठवली." पन्नास वर्षं हा वाद आमच्याकडे गणपतीतल्या आरतीसारखा ठरलेला. मी दोन्ही बाजू जशाच्या तशा, एकाखाली एक छापल्या. तुम्हीही न्यायाधीश होऊ नका.

छपाई

मजकूर मोबाईलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये लिहिला असेल आणि डीटीपीवाला श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत काम करत असेल, तर फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात. आमच्या पहिल्या प्रुफात "दुसऱ्या"मधला "ऱ्या" प्रत्येक ठिकाणी गायब होता. सरळ युनिकोड फॉन्टमध्येच पानं लावायला सांगा. प्रूफ कागदावर मागा, पडद्यावर चुका दिसत नाहीत. नावं आणि नाती एका माणसानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं ताडायची. एका सुनेचं नाव राहिलं तर वर्षश्राद्धाचं जेवण कडू होतं.

मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत हवीत. आमची ४८ झाली. फार जाड झाली तर पिनेची पुस्तिका तोंड उघडं टाकून बसते. अक्षर १६ पॉइंटचं घ्या, वाचणारे सत्तरीपुढचे आहेत. शंभर-दीडशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. आणि शेवटची दोन पानं कोरी सोडा, वर फक्त "तुम्हाला आठवतं ते" एवढंच छापून.

त्या कोऱ्या पानांचा उपयोग पहिल्याच दिवशी झाला. अण्णांबरोबर मुक्कामी गाडीवर असायचे ते ड्रायव्हरकाका नातवाचा हात धरून आले. जेवण झाल्यावर खुर्चीत बसून पुस्तिका वाचत होते. भूकंपाच्या पानावर थांबले, मला हाक मारली आणि पेन मागितलं. हात थरथरत होता, म्हणून मग सांगितलं आणि मी लिहिलं.

"गाडी एकलाच आली. हिशेब कुठला? कॅशची बॅग माझ्या मांडीवर टाकून तुझा बाप स्टँडवरनं पळत सुटला. घराला कुलूप. सगळी पेठ मोकळ्या जागेवर जाऊन बसलेली, कोण कुठं पत्ता नाही. सापडेस्तोवर दिवे लागले. रात्री येऊन हिशेब दिला त्यानं, मी बसून होतो."

मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "कुलूप मीच घातलेलं."

उरलेल्या चाळीस प्रतींत त्या पानावर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे.