प्रवासी आणि स्थलांतरितांच्या त्वचेतले परजीवी : या चुका टाळा

रुग्ण बाही वर करतो, डॉक्टर लांबूनच बघतात आणि लिहून देतात तेच ते मिश्र मलम : स्टिरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध, सगळं एकाच ट्यूबमध्ये. चार दिवस बरं वाटतं. मग माझ्यासमोर येते ती अशी खरूज, जी खरजेसारखी दिसतही नाही. निदानाआधी स्टिरॉइड नको, हे किती वेळा सांगायचं?

पण माझा खरा राग आहे तो 'अलीकडे कुठे गेला होतात?' या प्रश्नावर. पर्यटकाला तो ठीक आहे, स्थलांतरिताला नाही. एका रुग्णालयात मला मत द्यायला बोलावलं होतं. साठी ओलांडलेले गृहस्थ, तरुणपणीच मायदेश सोडलेला. नितंबांवर आणि मांड्यांवर लाल रेघ उठायची, बघता बघता पुढे सरकायची आणि काही तासांत नाहीशी व्हायची. अंगावर पित्त उठतं म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालेलं. इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत आणि जंतांमध्ये वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढले होते, तेही अ‍ॅलर्जीच्या खात्यावर टाकले गेले. मी पोचलो तेव्हा ताप, पोटफुगी, धाप, आणि थुंकीत अळ्या! तोवर इओसिनोफिल 'नॉर्मल' झाले होते, कारण स्टिरॉइड ते खाली आणतं. आणि त्या आकड्यावर सगळे निर्धास्त. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत माणसाच्या आतच नव्याने संसर्ग करत दशकानुदशकं टिकतो आणि स्टिरॉइड मिळालं की मोकाट सुटतो. गृहस्थ वाचले, पण अतिदक्षता विभागातून.

तेव्हापासून मी जन्मापासून सुरुवात करतो : कुठे वाढलात, अनवाणी चालायचात का, शेतात काम केलंत का. उत्तर संशयास्पद असेल तर स्टिरॉइडआधी रक्तात या जंताविरुद्धची अँटिबॉडी तपासतो. थांबायला वेळ नसेल, तर आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध आधी. फक्त लोआ लोआ या आफ्रिकेतल्या जंताच्या प्रदेशातला रुग्ण नाही ना, एवढं पाहून. त्याबद्दल खाली.

रेघ दिसली की मी पेनने तिच्या टोकाशी खूण करून वेळ लिहितो. स्ट्राँगिलॉइडिसची रेघ तासाला 5 ते 10 सेंटिमीटर धावते. कुत्र्यामांजरांच्या हुकवर्मची (आतड्यातल्या जंताची) अळी दिवसभरात काही मिलिमीटर ते एकदोन सेंटिमीटर सरकते. हुकवर्मच्या रेघेची बायॉप्सी करणाऱ्यांना माझा नमस्कार. अळी रेघेच्या पुढे निघून गेलेली असते, हाती येतं ते रिकामं कातडं.

लीशमानियाची (वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीची) जखम सहसा दुखत नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो. कडा उंच, मध्ये खड्डा. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स आधीच झालेले असतात. नमुना खड्ड्यातल्या पपडीतून घेऊ नका, पपडी काढून कडेतून घ्या. स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नमुना) निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही. पीसीआर करा आणि प्रजाती विचारा. लॅटिन अमेरिकेतल्या ब्राझिलिएन्सिस प्रजातीची जखम भरून आल्यावरही वर्षांनी नाकातोंडाच्या आतल्या अस्तरात आजार उपटू शकतो. 'जखम सुकली, विषय संपला' म्हणणाऱ्या घाईखोरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

खरजेत एकट्यालाच औषध देऊ नका. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज 4 ते 6 आठवड्यांनी सुटते, त्यामुळे सोबतचे 'आम्हाला काही नाही' म्हणतात. उपचारानंतर दोन-चार आठवडे खाज राहिली म्हणून औषध फसलं असं समजू नका.

गळवात बारीक छिद्र आहे आणि आत काहीतरी वळवळतंय असं रुग्ण म्हणतोय? दाबून पिळू नका. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर लावा; माशीची अळी श्वासासाठी वर येते, मग चिमट्याने काढा.

मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलपट्ट्यातला रुग्ण असेल, तर आयव्हरमेक्टिन आंधळेपणाने देऊ नका. रक्तात लोआ लोआचे मायक्रोफिलेरिया (सूक्ष्म अळ्या) खूप असतील तर मेंदूवर बेतू शकतं. या अळ्या दिवसा रक्तात येतात, म्हणून रक्ताचा नमुना सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत घ्या. रात्री घेतलात तर अहवाल 'निगेटिव्ह' येण्याचीच शक्यता जास्त.