१/४८चं मिग, १/३५ची जीप : स्केल मिसळताना या चुका टाळा

ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात मिग-२१ लढाऊ विमानं बनायची, म्हणून छोट्या प्रतिकृती जोडणाऱ्या नाशिकच्या मॉडेलवाल्याच्या कपाटात एक तरी मिग असतंच. त्याचा देखावाही ठरलेला : १/४८चं (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) विमान, शेजारी जीप, दोन-तीन तंत्रज्ञ. घोळ होतो तो जीप आणि माणसं १/३५ची घेतल्यामुळे. खरी विलिज जीप ३.३३ मीटर लांब. १/३५मध्ये ती साडेनऊ सेंटिमीटर भरते. तीच १/४८च्या विमानाशेजारी ठेवली की विमानाच्या हिशेबाने साडेचार मीटरची होते आणि पाच फूट सात इंचांचा तंत्रज्ञ साडेसात फुटांच्या वर जातो. मग रंगकाम कितीही सुरेख असू द्या, बघणारा आधी हसतो.

इतकी तफावत कुठेच खपत नाही. थोडी मात्र खपते, आणि ती कुठे खपते हे कळलं की निम्मं काम झालं. माणसं उंच-बुटकी असतात, कारखान्यातून निघालेल्या वस्तू तशा नसतात. १/३२ आणि १/३५मध्ये साधारण ९ टक्क्यांचा फरक आहे. १/३५च्या रणगाड्याजवळ ५४ मिमीचा १/३२ जवान उभा केला तर तो सहा फूट दोन इंचांचा ठरतो. असेल एखादा उंच गडी! पण त्याच्या हातातली ली-एनफिल्ड रायफल १/३५मध्ये ३२ मिमी हवी, ती ३५ मिमीची असते. शेजारच्या जवानाकडे योग्य मापाची रायफल असली की चोरी लगेच पकडली जाते. म्हणून परक्या स्केलचा माणूस घ्या, पण त्याची रायफल, हेल्मेट, पाण्याची बाटली कापून रणगाड्याच्या स्केलची लावा. डोकं मोठं वाटत असेल तर तेही बदला.

हीच सवलत गाड्यांना देऊ नका. लांबीत ९ टक्के म्हणजे आकारमानात ३१ टक्के, त्यामुळे १/३२ची जीप १/३५च्या जीपशेजारी तिच्या थोरल्या भावासारखी दिसते. एकाच जातीच्या दोन गाड्या दोन स्केलमध्ये कधीच जवळजवळ ठेवू नयेत. १/७२ आणि १/७६मध्ये फरक साडेपाच टक्क्यांचाच, तिथे वेगवेगळ्या जातीच्या गाड्या थोडं अंतर राखून चालून जातात.

ही भाऊगर्दी झाली कशी? एअरफिक्स या ब्रिटिश मॉडेल कंपनीचे जुने रणगाडे १/७६मध्ये आले, कारण ब्रिटनमधल्या डबल-ओ रेल्वे मॉडेलांचं स्केल तेच. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकात पँथर रणगाडा काढला तो आत मोटर आणि बॅटरी मावेल अशा मापाचा, आणि ते माप जवळपास १/३५ भरलं. वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर खेळायच्या लढायांच्या, २८ मिमी फिगरमध्ये (माणसांच्या पुतळ्यांमध्ये) तर माप बऱ्याचदा तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचं असतं, शिवाय डोकी आणि हात मुद्दाम जाडजूड केलेले. खेळण्यांच्या दुकानातल्या बऱ्याच डायकास्ट (ओतीव धातूच्या) गाड्यांना तर ठरावीक स्केलच नसतं. बाईक आणि ट्रक एकाच खोक्यात बसतील इतकेच ते छोटे-मोठे करतात.

तेव्हा खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. नाशिककरांना व्हर्नियर कॅलिपरची, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाची, वानवा नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणारा कुणीतरी शेजारी असतोच. मोजायचं ते पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस), कारण बंपर आणि हुक यांनी लांबी फसते. विलिजचा व्हीलबेस २.०३ मीटर, म्हणजे १/३५मध्ये ५८ मिमी, १/७२मध्ये २८ मिमी. कॅलिपर नसेल तर जवान बॉनेटजवळ उभा करा : बॉनेट साधारण कमरेला यायला हवं. त्याआधी फिगरच्या पायाखालची चकती मात्र कापा. १/७२मध्ये दोन मिलिमीटरची चकती माणसाला १४ सेंटिमीटर उंच करते.

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि कुणाला खटकत नाही, कारण तिथे आकार मानाचा असतो. देवळालीच्या लष्करी फायरिंग रेंजचा देखावा करताना ती मुभा नाही.

तिथे वेगवेगळी स्केल मुद्दाम वापरून खोली मात्र दाखवता येते. पुढे १/३५ची २५-पाउंडर तोफ आणि तोफची, मागे टेकडीच्या वळणावर १/७२चा ट्रक. हे फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मधली जमीन सलग दिसणं. मध्ये झुडपं किंवा उंचवटा घाला, म्हणजे नजरेला मोजमाप घेता येणार नाही. मागच्या गाडीचा रंग फिकट, किंचित राखाडी करा. काळा रंग तिथे नकोच. वाळूही चाळून घ्या, कारण एक मिलिमीटरचा कण १/३५मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा खडा असतो, १/७२मध्ये सात सेंटिमीटरचा. आणि मांडणी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. टीपॉयवर ठेवली, वरून बघितली, की सगळी जादू संपली. बाजूने बघू नये म्हणून दोन्हीकडे फळी लावलेलीही बरी.

थ्री-डी प्रिंट करणाऱ्यांची चूक वेगळी. १/३५ची फाइल १/७२ करायला सरळ ५० टक्के टाकतात. खरा आकडा ४८.६ आहे. १/३२वरून १/३५ला ९१.४. शिवाय लहान करताना अर्ध्या मिलिमीटरचे भाग पाव मिलिमीटरचे होतात आणि सपोर्ट (छापताना आधार देणाऱ्या काड्या) काढतानाच तुटतात. अँटेना, मशीनगनची नळी वगैरे फाइलमधून काढूनच टाका आणि प्रिंट झाल्यावर पितळी तार किंवा इंजेक्शनची सुई चिकटवा.