हवामानाचा अंदाज बघूनही वीजबिल उतरत नाही? कोकणातल्या या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरला 44 अंश आणि रत्नागिरीला 33. तरी रात्री झोप लागत नाही ती आपल्यालाच. कमाल तापमान बघून ‘आज एसी लागेल की नाही’ हे ठरवणं ही किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी चूक आहे. इथे छळतो तो दमटपणा.

मग आर्द्रतेचा टक्का बघावा का? तोही फसवतो. जानेवारीच्या पहाटे आर्द्रता 90 टक्के असू शकते, तरी हवा गार असते. अ‍ॅपमध्ये ‘ड्यू पॉइंट’, म्हणजे दवबिंदू शोधा. ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं, तो हा आकडा. तो 24 अंशांच्या वर असेल तर घाम सुकत नाही. अशा रात्री एसी लावायचाच असेल तर दारं-खिडक्या घट्ट बंद करून 26वर ठेवा आणि पंखा सोबत चालू द्या. खिडकीची फट राहिली की बाहेरची बाष्पाने भरलेली हवा आत येत राहते आणि तिच्यातलं पाणी काढण्यातच वीज जाते. बीईई, म्हणजे वीजबचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या हिशेबाने एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. दवबिंदू 20च्या खाली असेल, तर खिडक्या उघडा, पंखा पुरतो.

दुसरी चूक वाऱ्याची, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक बघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस जमिनीवरून पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रावरचे खारे वारे उशिरा पोचतात आणि पारा एकदम चढतो. उकडतंय म्हणून आपण भर दुपारी सगळी दारं उघडतो आणि तापलेला वारा घरात घेतो. जांभ्याच्या भिंती, त्याहून जास्त वरचा स्लॅब ती उष्णता रात्रीपर्यंत सोडत राहतात. तासागणिक अंदाजात वाऱ्याची दिशा दिलेली असते. ती पूर्व-ईशान्य आहे तोवर घर मिटून ठेवा. पश्चिम-वायव्य झाली, की समुद्राकडच्या खिडक्या आधी उघडा.

अंदाज कुठला बघता हेही तपासा. आतल्या चिपळूण-खेडची दुपार आणि किनाऱ्यावरच्या गुहागर-हर्णैची दुपार एक नसते. किनाऱ्यावर राहत असाल तर अ‍ॅपमध्ये किनाऱ्यावरचंच गाव निवडा.

पावसाळ्यात सोलर वॉटर हीटरची बॅकअप कॉइल चार महिने चालूच ठेवणारी घरं खूप आहेत. ऑरेंज अलर्ट धोक्याचा इशारा देतो, दिवसभर ऊन पडणार नाही असं तो सांगत नाही. ढगांचा अंदाज वेगळा बघा. दिवसा चांगली उघडीप मिळाली तर टाकीतलं पाणी संध्याकाळी गरम असतंच. दिवसभर मळभ राहिलं, तरच आंघोळीआधी थोडा वेळ कॉइल लावा.

परसातल्या माडा-पोफळीला पाणी सोडण्याआधी पुढच्या दोन दिवसांचा पाऊस बघा. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. आठवडाभराच्या अंदाजावर मात्र विसंबू नका. वळवाच्या सरी इतक्या आधी नेमक्या सांगता येत नाहीत.

एवढं करून फरक दिसत नसेल, तर तुलना कशाशी करताय ते बघा. एप्रिलचं बिल मार्चशी ताडून उपयोग नाही, गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या युनिटशी ताडा. महावितरणच्या घरगुती दरात 100 आणि 300 युनिटला टप्पा बदलतो, आणि वाढीव दर फक्त त्या टप्प्याच्या वरच्या युनिटला लागतो. म्हणून महिन्याच्या मध्यावर मीटर वाचा. 300 जवळ येत असतील, तर उरलेल्या दिवसांत वाचवलेलं प्रत्येक युनिट महागातलं असतं.